स्वमग्नतेचं राष्ट्रीय धोरण : इंग्लंडचा अनुभव वाचताना



मागच्या व्याख्यानाचा विषय होता ‘कर्तव्य कोणाचं, कोणाप्रती?’. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या म्हणाल्या, “सर, माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. आम्ही दोघं गेल्यावर त्याचं काय, हे कर्तव्य कोणाचं?” मी उत्तर दिलं, “समाजाचं.” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग समाजाचा फोन नंबर द्या.”

सभागृह हसलं. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही. चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेला माणूस एका आईला असं उत्तर देतो, याची लाज वाटली. म्हणून आज जरा वेगळं काही करायचं आहे. हा प्रश्न एका राज्यसंस्थेने कायदा करून, कागदावर उतरवून सोडवायचा प्रयत्न केला आहे. ते कागद आपण वाचणार आहोत. एखादी कादंबरी किंवा एखादं दर्शन जसं टीकात्मक नजरेने वाचतो, तसे वाचणार आहोत. मी डॉक्टर नाही, समाजकार्यातलाही नाही. मला येतं ते एवढंच : वाक्य काय म्हणतंय आणि काय म्हणायचं टाळतंय, ते बघणं.

राज्यसंस्था म्हणजे इंग्लंड. तिथे २००९ साली ‘ऑटिझम ॲक्ट’ झाला. शेरिल गिलन या खासदारबाईंनी आणलेलं ते खासगी विधेयक होतं. आपल्याकडे खासगी विधेयकं चर्चेला आली तरी नशीब, तिथेही बहुतेक पडतातच. हे टिकलं. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याचा कायदा झाला. एकाच निदानाच्या नावाने केलेला असा कायदा तेव्हा इंग्लंडमध्ये दुसरा नव्हता. आणि तो फार छोटा आहे, दोन-चार पानांचा. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : प्रौढ स्वमग्न व्यक्तींच्या गरजा भागवण्यासाठी मंत्र्यांनी १ एप्रिल २०१०च्या आत एक धोरण प्रसिद्ध करावं, त्याचा वेळोवेळी आढावा घ्यावा, आणि स्थानिक स्वराज्य संस्था व आरोग्यसेवेच्या संस्था यांच्यासाठी त्या वर्षाअखेर मार्गदर्शिका काढावी.

‘प्रौढ’ हा शब्द लक्षात ठेवा. मुलांसाठी शाळा असते, शाळेत कोणी ना कोणी बघतं. अठरा पूर्ण झाली की मूल नाहीसं होतं. म्हणजे घरातून नाही, सरकारी नोंदीतून. हा कायदा नेमक्या त्या जागी बोट ठेवतो, आणि त्याबद्दल त्याला मार्क दिलेच पाहिजेत.

आता वाचकाचा पहिला प्रश्न. हा कायदा कोणाला काय देतो? स्वमग्न माणसाला तो थेट काहीही देत नाही. घर, नोकरी, मदतनीस, डॉक्टरची वेळ, कशाचाही हक्क त्यात नाही. तो मंत्र्यावर एक कर्तव्य लादतो आणि ते कर्तव्य लिहिण्याचं आहे. मंत्र्याने धोरण लिहून छापलं की कायद्याचं पहिलं कलम पाळलं गेलं! मागच्या वेळी आपण म्हणत होतो ना, की काही कर्तव्यांना समोर हक्कदार असतो आणि काहींना नसतो? दुसऱ्या प्रकारचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही.

पण इथेच टाळ्या वाजवून उठू नका. ही टीका सोपी आहे आणि अर्धवट आहे. त्या मार्गदर्शिकेला कायद्याने वजन दिलेलं आहे. स्थानिक संस्थेला ती सबळ कारणाशिवाय बाजूला सारता येत नाही. शिवाय आढाव्याच्या सक्तीमुळे सरकारला पुन्हा पुन्हा त्याच विषयाकडे यावं लागलं. २०१०चं ‘फुलफिलिंग अँड रिवॉर्डिंग लाइव्ह्ज’, २०१४चं ‘थिंक ऑटिझम’, आणि २०२१चं पाच वर्षांचं धोरण, ज्यात पहिल्यांदा मुलांनाही घेतलं. पहिलं धोरण निघालं तेव्हा लेबर पक्षाचं सरकार होतं, पुढची दोन निघाली ती कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानांच्या काळात. विषय मात्र टेबलावरून हलला नाही. आपल्याकडे सरकार बदललं की योजनेचं आधी नाव बदलतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि त्या धोरणाने एक खरी अडचण ओळखली होती. तिला मी दोन खिडक्यांची अडचण म्हणतो. एक खिडकी बौद्धिक अक्षमतेची, दुसरी मानसिक आजाराची. ज्याची बुद्धी चांगली आहे आणि ज्याला मानसिक आजार नाही, असा स्वमग्न माणूस पहिल्या खिडकीवर गेला की त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, आणि दुसरीवाले परत पहिलीकडे. २०१०च्या धोरणाने आणि त्यामागच्या अभ्यासांनी हे स्पष्ट मांडलं.

ही खिडकी मी स्वतः पाहिली आहे, इंग्लंडात नाही, इथेच. माझा एक मामेभाऊ होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. गावाकडे भाताची गिरणी होती, तिथे पोत्यांचा हिशेब तो ठेवायचा. हिशेबात पैची चूक नाही. पण ताटात वाट्यांची जागा बदलली तर जेवायचा नाही, आणि गिऱ्हाइकाने थट्टा केली तर दिवसभर गप्प. गावाने त्याला ‘तिरसट’ म्हणून टाकलं होतं, आणि घरात मामी होती, त्यामुळे निभावलं. २००४ साली मामी गेली आणि कोणीतरी सुचवलं की दाखला काढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मी त्याला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो. तपासणारे डॉक्टर भले होते. ते म्हणाले, “सर, मला विचाराल तर हा ऑटिझम आहे, पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.” खरंच नव्हता. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. शेवटी ‘मतिमंदत्व’ या रकान्यात खूण झाली. भावाने कागद हातात घेतला, सगळा वाचला, आणि मला विचारलं, “हे कोणाचं आहे?”

तो दाखला त्याने पुन्हा कधी बाहेर काढला नाही. त्याच्यावर कसलाही लाभ घेतला नाही. आता तो नाही.

यातली विसंगती बघा. आपल्याकडे १९९९ सालीच राष्ट्रीय न्यास कायदा झाला होता, आणि त्याच्या नावातच स्वमग्नता हा शब्द आहे. म्हणजे इंग्लंडच्या दहा वर्षं आधी आपल्या संसदेने हे नाव घेतलं. पण दाखला देणारा कायदा वेगळा, आणि त्या कायद्याला हे नाव माहीत नाही. दिल्लीत एक न्यास त्याला स्वमग्न म्हणून ओळखतो, आणि जिल्ह्यातला छापील फॉर्म त्याला मतिमंद म्हणून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि स्वमग्नतेला रकाना मिळाला. भावाच्या दाखल्यानंतर बारा वर्षांनी.

शब्दाचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवाटेला जातो. ‘ऑटिझम’ हा शब्द ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः, यावरून बनवला, तोही स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून. पुढे १९४३ मध्ये लिओ कॅनरने मुलांच्या एका वेगळ्या अवस्थेसाठी तो वापरला. आपण मराठीत त्याचं ‘स्वमग्नता’, ‘आत्ममग्नता’ केलं. माझं मत, हा शब्द सुंदर आहे आणि चुकीचा आहे. ‘मग्न’ म्हटलं की आनंदात बुडालेला, जगाकडे पाठ फिरवलेला माणूस डोळ्यासमोर येतो, जवळपास योगीच. पण माझा भाऊ जगाकडे पाठ फिरवून बसला नव्हता. जगाचा आवाज त्याला जास्त येत होता. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले इंग्लिश अभ्यासक २०१२ पासून मांडत आहेत की समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. दोष मात्र एकाच्याच खात्यावर लिहिला जातो. शब्द रूढ आहे म्हणून मी वापरतोय, पटला म्हणून नव्हे.

असो. मूळ मुद्द्यावर येऊ.

धोरण यशस्वी की अयशस्वी, हे ठरवायचं कसं? मला इथे आपल्या मीमांसकांची आठवण होते. हसू नका. वाक्याने माणसाला कामाला कसं लावायचं, याचा त्यांच्याइतका कसून विचार फार थोड्यांनी केला आहे. मीमांसक विधी आणि अर्थवाद असा फरक करतात. विधी म्हणजे आज्ञा : हे कर. अर्थवाद म्हणजे स्तुती, त्या कर्माकडे मन वळवणारं वर्णन. अर्थवाद निरुपयोगी नसतो, पण तो एकटा असेल तर कोणी काहीच करत नाही. आणि विधी पूर्ण व्हायचा तर तीन प्रश्नांची उत्तरं लागतात : काय साधायचं, कशाने साधायचं, आणि कोणत्या पद्धतीने. साध्य, साधन, इतिकर्तव्यता. शिवाय अधिकारी कोण, म्हणजे हे कर्म करायचं कोणी, तेही ठरलेलं हवं.

आता ही फूटपट्टी घेऊन इंग्लंडची धोरणं वाचा. साध्याला तोटा नाही. परिपूर्ण आयुष्य, समजून घेणारा समाज, वेळेवर निदान, नोकरी. सगळं चांगलं. साधनाकडे आलात की आवाज खाली येतो. इतिकर्तव्यतेला पोचेपर्यंत पानं संपतात. २०२१चं धोरण पाच वर्षांचं आहे, पण त्यासोबत निघालेला अंमलबजावणीचा आराखडा पहिल्या एका वर्षाचा होता. घर बांधायला काढलं आणि नकाशा फक्त जोत्यापर्यंतचा, असा हा प्रकार.

क्रियापदं बघा. मार्गदर्शिकेत इंग्रजीतले ‘मस्ट’ आणि ‘शुड’ वेगवेगळे येतात. मराठीत म्हणायचं तर ‘केलंच पाहिजे’ आणि ‘करावं’. ‘केलंच पाहिजे’ येतं ते बहुतेक आधीच्याच दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक असलेल्या गोष्टींना. नवीन, खास स्वमग्न माणसांसाठीचं जे, ते पुष्कळदा ‘करावं’. शिक्षक म्हणून सांगतो, ‘विद्यार्थ्यांनी वाचून यावं’ असं मी चाळीस वर्षं सांगितलं. किती जण वाचून आले, ते विचारू नका.

याचा पुरावा हवा असेल तर प्रशिक्षणाचं उदाहरण घ्या. डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी यांना स्वमग्नतेची जाण असावी, असं २०१० पासून लिहिलं जात होतं. २०१६ मध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा इस्पितळात दगावला. त्याला मनोविकारावरचं औषध दिलं गेलं होतं, त्याने आणि आई-वडिलांनी नको म्हणून सांगितलं असतानाही. त्याच्या आईने, पॉला मॅकगोवन यांनी, मोहीम उभारली, आणि २०२२च्या आरोग्य कायद्यात हे प्रशिक्षण बंधनकारक झालं. ‘करावं’चं ‘केलंच पाहिजे’ व्हायला बारा वर्षं लागली, आणि मध्ये एक मुलगा गेला. मला इथे तत्त्वज्ञान सुचत नाही.

दुसरं उदाहरण निदानाचं. तिथल्या आरोग्यसेवेची स्वतःची मार्गदर्शक संस्था म्हणते की नाव नोंदवल्यापासून तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी. २०२४ संपेपर्यंत निदानासाठी थांबलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या वर गेला होता, आणि त्यांतले बहुतांश तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ थांबलेले होते. यावर काही जण म्हणतात, आजकाल ज्याला त्याला ऑटिझम, फॅशन झाली आहे. हे मला मान्य नाही. २००९ मध्येच लेस्टर विद्यापीठाच्या ब्रूघा यांच्या गटाने घरोघरच्या पाहणीवरून दाखवलं होतं की इंग्लंडच्या प्रौढांत शंभरात एक असं हे प्रमाण आहे. ही माणसं नवीन आलेली नाहीत. ती होतीच, मोजली गेली नव्हती. सरकारला आकडा पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. आधी ‘जाणीव वाढवा’ हे साध्य ठेवलं. जाणीव वाढली. लोक दारात आले. पण दार उघडायला माणसं किती लागतील, ती शिकवून तयार कधी होतील, हा हिशेब झाला नाही. धोरणाचा एक भाग यशस्वी झाला म्हणून दुसरा कोसळला, ही गोष्ट टीकाकाराने नीट नोंदवली पाहिजे.

तिसरं, बंदिस्त वॉर्डांचं. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने ‘विंटरबोर्न व्ह्यू’ या खासगी इस्पितळातली मारहाण दाखवली. सगळा देश हादरला. मग ठरलं की बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि स्वमग्न माणसांना मनोरुग्णालयांतून घरी, वस्तीत आणायचं. मार्च २०१५च्या तुलनेत मार्च २०२४ पर्यंत आकडा निम्म्यावर. तारीख होती, आकडा होता. तरी तो गाठला गेला नाही, सुमारे दोन हजार माणसं आतच राहिली. का? कारण इस्पितळातली खाट चालवणाऱ्याचा पैसा एका खात्यातून येतो आणि वस्तीतलं घर, मदतनीस यांचा पुष्कळसा भार दुसऱ्या खात्यावर पडतो. माणूस बाहेर आणला तर एकाची बचत आणि दुसऱ्याचा खर्च. ही साधी गोष्ट आहे, गावातले दोन भाऊ विहिरीवरून भांडतात तशी, आणि ती तीनपैकी एकाही धोरणाला सुटलेली नाही.

पैशावर आलो आहे तर जिथे मला सगळ्यात जास्त खटकतं, ते सांगतो. कायदा होण्याआधी, जून २००९ मध्ये, तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने (आपल्या कॅगसारखी संस्था) एक अहवाल दिला. अहवाल उत्तम आहे. त्यात हिशेब असा : ज्यांना ‘हाय फंक्शनिंग’ म्हणतात अशा प्रौढांपैकी चार टक्क्यांपर्यंत जरी खास सेवा पोचली, तरी एकूण सरकारी खर्चात ती आपला खर्च भरून काढेल. आठ टक्क्यांपर्यंत पोचली तर वर्षाला सहा कोटी सत्तर लाख पौंड वाचतील. या आकड्यांनी राजकारण्यांना पटवायला मोठी मदत केली असणार. मी तिथे असतो तर मीही हेच आकडे घेऊन फिरलो असतो.

पण युक्तिवाद दुधारी आहे. सेवा का द्यायची? पैसे वाचतात म्हणून. मग ज्याच्यावर खर्च केल्याने पैसे कधीच वाचणार नाहीत, त्याचं काय? ज्याला बोलता येत नाही, ज्याला चोवीस तास माणूस लागतो, त्याचा हक्क कुठल्या टक्क्यात बसवायचा? मार्था नुसबाम या तत्त्ववेत्त्या बाईंनी सामाजिक कराराच्या सगळ्या परंपरेवर हाच आक्षेप घेतला आहे : परस्परांचा फायदा हा न्यायाचा पाया धरला, की परतफेड न करू शकणारा माणूस आपोआप दयेवर जातो. आणि परतफेडीची गोष्ट करायचीच, तर जे काम करू शकतात त्यांना तरी मिळालं का? २०२४च्या बकलंड अहवालानुसार इंग्लंडसह सगळ्या ब्रिटनमध्ये कामाच्या वयातल्या दहा स्वमग्न व्यक्तींपैकी जेमतेम तिघांना काम आहे. सगळे दिव्यांग एकत्र धरले तर हाच आकडा दहात पाच आणि दिव्यांग नसलेल्यांत दहात आठ. कायद्यानंतर पंधरा वर्षांनी. माझा भाऊ गिरणीत पोती मोजायचा. त्याला काम होतं, कारण गिरणी मामाची होती.

जानेवारी २०२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने या कायद्याची तपासणी करायला खास समिती नेमली. आपला कायदा पंधरा वर्षांनी पुन्हा वाचायला घेणं, ही सवय आपण उचलावी अशी आहे.

आता आपल्याकडचं, थोडक्यात. आपली स्थिती जवळपास उलटी आहे. त्यांच्याकडे धोरण आहे आणि ऑटिझमच्या नावाचा हक्क नाही. आपल्याकडे २०१६च्या कायद्यात हक्क लिहिलेले आहेत, सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणातला शेवटचा एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा सगळ्यांना मिळून आहे, न्यासाची एक लाखापर्यंतची ‘निरामय’ आरोग्यविमा योजना आहे, पालकत्व ठरवणारी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लहान मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर केंद्रं आहेत. ती अठरा वर्षांपर्यंत. बाईंचा मुलगा चोवीसचा आहे.

साध्य आपल्याकडेही आहे. साधनाचे तुकडेही आहेत, वेगवेगळ्या मंत्रालयांत विखुरलेले. ते कोणी, कोणत्या क्रमाने जोडायचे, हे सांगणारा एक कागद नाही. असा कागद लिहायला कोणी बसलंच, तर माझी विनंती एवढीच, की आधी शेवटचं पान लिहा. कोण, कधीपर्यंत, कोणाच्या पैशाने. प्रस्तावना माझ्यासारखा कोणीही लिहून देईल.

आणि बाईंचा फोन नंबर? इंग्लंडच्या पहिल्या मार्गदर्शिकेत एक छोटी तरतूद आहे, तिच्यावर मी दोन दिवस रेंगाळलो होतो. प्रत्येक भागात प्रौढांच्या निदानाच्या सेवांसाठी एक जबाबदार तज्ज्ञ व्यक्ती नेमावी, आणि स्थानिक संस्थेत या कामाची जबाबदारी असलेला एक वरिष्ठ अधिकारी असावा. तिथेही ते ‘करावं’मध्येच आहे. पण ज्या भागात असा माणूस खरोखर नेमला, तिथल्या आईकडे निदान एक नाव आहे.

गेल्या महिन्यात मी आपल्याकडच्या एका कार्यालयात जाऊन विचारलं की प्रौढ स्वमग्न व्यक्तीसाठी कोणाला भेटायचं. तीन टेबलं झाली. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, “आजोबा, हे विचारायला अजून कोणी आलं नव्हतं.” तिने वहीत माझा नंबर लिहून घेतला.

बाई आज आल्या आहेत, मागच्याच रांगेत आहेत. बाई, मागच्या वेळचं उत्तर मी परत घेतो. त्या कार्यालयात पुढच्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. तुम्ही आलात तर दोघे होऊ. बाकी कोणाला यायचं असेल त्यांनी आयोजकांकडे नाव द्यावं.

आता प्रश्न घेऊ.